आधी स्वतःला टोचून घेणारा

२०२१ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे माणसांचे सरळ दोन तट पडले होते. एका तटातली माणसे पहाटे उठून अहमदपूरच्या ग्रामीण रुग्णालयासमोर लसीसाठी नंबर लावत होती. दुसऱ्या तटातली माणसे लस टोचणारे पथक गावाच्या शिवेवर दिसले की शेताची वाट धरीत. एकाच घरात मुलगा पहिल्या तटात, तर आजोबा दुसऱ्या तटात, असेही चित्र होते. टोचून घेतले की ताप येतो, ताप आला की माणूस दगावतो, दोन वर्षांत सगळ्यांचा निकाल लागणार आहे, एक ना दोन! अफवांना पाय फुटले होते आणि त्या लसीच्या आधी वाडी-तांड्यावर पोहोचत होत्या.

आता ते दिवस मागे पडले. साथ चालू असते तेव्हा माणूस नुसता दिवस ढकलत असतो. ती ओसरल्यावर मग मागे वळून पाहायला सवड मिळते. तसे पाहू लागले की एक गोष्ट ध्यानात येते. यातले बहुतेक सगळे आपल्या पणजोबांच्या काळात एकदा होऊन गेले होते. तेव्हाही साथ मुंबईतून पसरली होती, तेव्हाही शहरातली माणसे गावाकडे पळाली होती, तेव्हाही गावे माणसांना शिवेवर अडवीत होती आणि तेव्हाही लशीवरून घराघरांत भांडणे झाली होती. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी पटकी, देवी, मानमोडी ही नावे असत, तसाच गाठीचा रोगही असे. गाव सोडून रानात खोपटी घालून राहायचे आणि घरात उंदीर मरून पडला की मागे न पाहता बाहेर पडायचे, ही त्या रोगाची आठवण. तो रोग म्हणजे प्लेग. त्यावर पहिली लस तयार करणाऱ्या माणसाचे नाव वाल्देमार मोर्देकाय वोल्फ हाफकिन.

हाफकिन हे नाव मराठी घरांना नवे नाही. बाळाचे पोलिओचे थेंब, साप चावल्यावर द्यायचे औषध, यांच्याबरोबर ते आपल्या कानांवरून गेलेले आहे. पण ते एका माणसाचे आडनाव आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते ते हाफकिन हा कोणी इंग्रज डॉक्टर असावा, असे समजून चालतात. ते इंग्रज नव्हते. आणि गंमत म्हणजे, ते डॉक्टरही नव्हते.

काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात १५ मार्च १८६० रोजी एका ज्यू व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. ओडेसा तेव्हा रशियाच्या झारच्या राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. त्यांना शिकवायला होते इल्या मेचनिकॉव्ह. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे ज्यांनी दाखवून दिले आणि पुढे ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेच हे मेचनिकॉव्ह. असा गुरू लाभणे हे भाग्यच. पण त्या काळी रशियातल्या ज्यू विद्यार्थ्याच्या वाट्याला नुसता अभ्यास येत नसे. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला आणि त्याचे खापर ज्यूंवर फोडून ठिकठिकाणी त्यांच्या वस्त्यांवर हल्ले झाले. ओडेसातल्या तरुण ज्यूंनी स्वसंरक्षणासाठी गट उभा केला, त्यात हाफकिन होते. त्यांना मार बसला आणि वर अटकही झाली. मेचनिकॉव्ह यांनी शब्द टाकला म्हणून सुटले. क्रांतिकारकांच्या गटाशीही त्यांचा संबंध होता, त्यामुळे पोलिसांची नजर त्यांच्यावरून कधी हटली नाही.

शिक्षण पुरे झाल्यावर प्राध्यापक होण्याची त्यांची योग्यता होती. अट एकच, ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती व्हायचे. त्यांनी नकार दिला आणि प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात किरकोळ नोकरी पत्करली. त्यांच्या आयुष्यात असे नकार पुढेही येतात. ते तापट नव्हते, मिठ्ठास बोलणारे तर मुळीच नव्हते, पण एकदा नाही म्हटले की नाही. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हाला गेले आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. मेचनिकॉव्ह आधीच तिथे होते. संशोधकाची जागा रिकामी नव्हती, म्हणून हाफकिन ग्रंथपालाच्या कामावर रुजू झाले. दिवसा पुस्तके लावायची, उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जंतू वाढवायचे आणि विरंगुळा म्हणून व्हायोलिन वाजवायचे, असा त्यांचा दिनक्रम होता.

त्या वर्षांत पटकीने पुन्हा युरोपकडे मोर्चा वळवला होता. हाफकिन पटकीच्या जंतूंमागे लागले. गिनीपिगच्या पोटात एकामागून एक जंतू वाढवत नेऊन त्यांनी ते अधिक जहाल केले. त्यातूनच सौम्य जंतूंची एक लस आणि जहाल जंतूंची दुसरी लस, अशी दोन टप्प्यांची पद्धत त्यांनी बसवली. प्राण्यांवर ती चालली. माणसावर कोण करून बघणार? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि काही दिवसांत ते हिंडू-फिरू लागले. मग काही मित्रांनीही टोचून घेतली. त्याच महिन्याअखेरीस त्यांनी आपले निष्कर्ष पॅरिसच्या विद्वानांपुढे मांडले. पण नावाजलेल्या जंतुशास्त्रज्ञांनी फारसा विश्वास दाखवला नाही. रशियात पटकी धुमाकूळ घालत होती, तरी रशियाने पूर्वीच्या या आरोपीची लस घ्यायचे नाकारले. तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत लॉर्ड डफरिन होते. ते पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय राहिलेले होते. त्यांनी सुचवले की पटकीचे माहेर बंगाल आहे, तर तिथेच जावे.

१८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरले. इथे त्यांची गाठ तीन प्रकारच्या संशयाशी पडली. सरकारला वाटे, हा रशियन माणूस हेर तर नसेल? सरकारी वैद्यकीय खात्यातल्या गोऱ्या डॉक्टरांना वाटे, हा डॉक्टर नसलेला प्राणिशास्त्रज्ञ आम्हाला काय शिकवणार? आणि लोकांना वाटे, हा साहेब सुईतून काय भरतो आहे कोण जाणे. तिसरा संशय दूर करण्याचा उपाय त्यांना पॅरिसपासूनच ठाऊक होता. बंगालमध्ये एका वस्तीत जमावाने दगड मारले, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर आधी स्वतःला सुई टोचून घेतली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. पाहणाऱ्यांपैकी बरेच जण मग पुढे आले. चौधरी, घोष, चटर्जी, दत्त अशी बंगाली डॉक्टरांची फळी त्यांनी बरोबर घेतली होती. लोकांचा विश्वास बसला तो या आपल्या माणसांमुळेही, हे इथे सांगितले पाहिजे. कलकत्त्यातल्या एका बस्तीत तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. तिथल्या निम्म्याहून अधिक लोकांनी टोचून घेतले. त्यानंतर तिथे पटकी झाली ती न टोचलेल्यांना. कलकत्ता महापालिकेचे डोळे त्याने उघडले. अडीच वर्षांत हाफकिन यांनी उत्तर हिंदुस्थान, बंगाल, आसाम पालथे घालून ४२ हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. मग मलेरियाने गाठले आणि प्रकृती सुधारायला इंग्लंडला जावे लागले. १८९६ मध्ये ते परत आले आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेग उद्भवला.

मुंबईच्या मांडवी भागात धान्याची गोदामे होती. तिथे सप्टेंबर १८९६ मध्ये काखेत, जांघेत गाठी येऊन माणसे मरू लागली. हा प्लेग आहे, हे प्रथम ओळखून जाहीरपणे सांगणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे गोव्यातल्या हडफड्याचे. त्यांचे म्हणणे आधी कोणाला पटेना. ते कोणाला आवडणारही नव्हते, कारण बंदरात प्लेग आहे म्हटले की जहाजे थांबणार, व्यापार बुडणार. (२०२० च्या पहिल्या महिन्यांत जगभर हेच पाहायला मिळाले.) पण गाठी कोणाच्या म्हणण्यासाठी थांबणाऱ्या नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगच्या साथीत प्लेगचा जंतू सापडलेला होता. मुंबईतल्या रोग्यांत तोच मिळाला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावून घेतले.

त्यांना दिलेली प्रयोगशाळा म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली आणि तिच्यापुढचा व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. जगातल्या पहिल्या प्लेगच्या लशीचा कारखाना तो एवढाच. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत काम चाले. मदतनीस टिकत नसत. एकाची तर मानसिक प्रकृतीच ढासळली. जंतू वाढवायला मांसाचा रस लागतो. युरोपात त्यासाठी गाईचे मांस वापरत. हिंदू-मुसलमान दोघांनाही चालेल असे काही पाहिजे, म्हणून हाफकिन यांनी बोकडाचे मांस घेतले. आणि त्यांची पुढची युक्ती आपल्या स्वयंपाकघरातली होती. रसाच्या पृष्ठभागावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. त्या तुपाच्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली, झुंबरासारखी लोंबत जाई. भांडे हलवले की ती तळाशी बसे आणि वर पुन्हा नवी वाढ सुरू होई. काही आठवडे असे झाले की तो रस तापवून जंतू मारायचे आणि थोडे कार्बोलिक आम्ल घालून बाटल्या भरायच्या. जिवंत जंतू टोचायचे नाहीत, मेलेलेच टोचायचे. पटकीच्या लशीपेक्षा ही रीत वेगळी होती आणि पुढच्या अनेक लशींना तिने वाट दाखवली.

डिसेंबरअखेर सशांवर लस चालली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, पुढे लोकांना देत त्यापेक्षा तिपटीहून अधिक. गाजावाजा नव्हता, कॉलेजातली दोन-चार माणसे तेवढी साक्षीला होती. ताप चढला, टोचलेली जागा ठणकली आणि उतरली. त्यानंतर कॉलेजातले डॉक्टर पुढे झाले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी जे कबूल झाले, अशा सुमारे निम्म्यांना टोचण्यात आले. न टोचलेल्या १२ जणांना प्लेग झाला, त्यातले ६ मेले. टोचलेल्यांत २ जणांना झाला, दोघेही वाचले. तुरुंगातल्या माणसाची कबुली ती कितपत खरी, हा प्रश्न आज आपण विचारू आणि विचारलाच पाहिजे. तेव्हा तो कोणी फारसा विचारला नाही. हाफकिन यांच्या बाजूने एवढे मात्र म्हणता येईल की कैद्याच्या आधी ते स्वतः त्या सुईखाली गेलेले होते.

इथून पुढे मुंबई इलाख्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी चालल्या. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. घरात शिरून झडती घ्या, रोगी उचलून न्या, सामान जाळा, प्रवासी थांबवा, असे सगळे अधिकार त्यात होते. पुण्यात रँड यांच्या हाताखालच्या गोऱ्या सोजिरांनी या अधिकारांचा जो वापर केला तो आपण शाळेत शिकलो आहोत. माजघरापर्यंत बूट गेले. देवघरे विटाळली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच पुण्यात साथीच्या दिवसांत सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाने, यशवंतने, काढलेल्या दवाखान्यात रोगी आणून त्यांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले. तो वाचला, पण सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. टिळकांनीही पुण्यात प्लेगचे इस्पितळ उघडले होते. रोगाशी लोक लढायला तयार होते, पण बुटांच्या टाचांखाली नव्हे. (हाच १८९७ चा कायदा १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. १२३ वर्षांचा कायदा!)

दुसरी गोष्ट हाफकिन यांची. ते सक्तीच्या बाजूचे नव्हते. ज्याला टोचून घ्यायचे त्याने यावे, असे त्यांचे म्हणणे. लोकांनी यावे म्हणून लोकांच्या पुढाऱ्यांना आधी टोचावे, ही त्यांची रीत. खोजा जमातीचे तरुण प्रमुख आगाखान यांनी सर्वांसमोर टोचून घेतले. त्यांच्या मागे हजारो खोजे आले. प्रयोगशाळेला जागा अपुरी पडू लागली तेव्हा आगाखान यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगला देऊन टाकला. तरीही सरकारचा सगळा भर झडत्यांवरच राहिला आणि मार्च १८९८ मध्ये अशाच एका झडतीवरून मुंबईत दंगल उसळली. प्लेगचा माग काढायचा तर उंदरांमागे आणि त्यांच्या पिसवांमागे जायला हवे होते. पिसवेमुळे रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्येच कराचीत दाखवले, पण ते मानायला जगाला आणखी आठ-दहा वर्षे लागली. तोवर सोजीर माणसांना हुडकत राहिले.

लशीची खरी कसोटी लागली ती बडोद्याजवळच्या उंधेरा गावात, १८९८ च्या फेब्रुवारीत. गावात प्लेग होता. प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांना टोचायचे आणि निम्म्यांना नाही, असे ठरले. तेच घर, तेच अन्न, तेच उंदीर. ज्या घरांत नंतर प्लेग शिरला त्यांतल्या टोचलेल्या ७१ माणसांपैकी ८ जणांना तो झाला आणि ३ दगावली. न टोचलेल्या ६४ पैकी २७ जणांना झाला आणि २६ दगावली. हे आकडे वाचताना त्या घरांचा विचार केल्यावाचून राहवत नाही. नवऱ्याला टोचले आणि बायकोला नाही, थोरल्याला टोचले, धाकट्याला नाही! शास्त्राला पुरावा मिळाला, तो अशा किमतीत.

१८९७ मध्येच त्यांना ब्रिटिश सरकारने सी. आय. ई. हा किताब दिला होता. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली आणि हाफकिन तिचे मुख्य संचालक झाले. या वाड्याचाही एक इतिहास आहे. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी इथेच पटकीने वारली आणि गव्हर्नरांनी परळचा मुक्काम सोडला. ज्या घरातून पटकीने गव्हर्नरांना हुसकावले त्याच घरात पटकीची आणि प्लेगची लस शोधणारा माणूस येऊन बसला. एका खोलीतून आता हॉल, मोठमोठी भांडी, पन्नासावर माणसे, देशभर आणि परदेशात जाणाऱ्या बाटल्या, असा पसारा झाला. चाळिशीच्या उंबरठ्यावर हाफकिन कीर्तीच्या शिखरावर होते. लग्न केले नव्हते. काम हेच घर होते.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने कहर केला. पंजाब सरकारने लाखो लोकांना टोचायचे ठरवले. लस लवकर आणि भरपूर हवी होती. हाफकिन यांनी तयार करण्याची रीत थोडी बदलली, कार्बोलिक आम्ल वगळले आणि जंतू मारायला नुसत्या उष्णतेवर भिस्त ठेवली. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही तशी रीत होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ माणसांना पाच बाटल्यांतून लस टोचली गेली. चार बाटल्यांच्या माणसांना काहीच झाले नाही. पाचव्या बाटलीतून, तिचा क्रमांक ५३ एन, ज्यांना टोचले होते ती १९ माणसे आठवडाभराने धनुर्वाताने आजारी पडली आणि सगळीच्या सगळी मेली.

एकोणीस माणसे! ज्या सुईवर विश्वास ठेवायला देशाला दहा वर्षे लागली होती, त्या सुईने एका खेड्यातली एकोणीस माणसे मारली. पंजाबातली मोहीम जागच्या जागी थांबली. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. समितीने ठरवले की बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच, धनुर्वाताचे जंतू तिच्यात शिरले असावेत. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. मुंबईत ज्यांना ते आधीपासूनच खुपत होते त्यांना आयतेच निमित्त मिळाले. रशियन, ज्यू, डॉक्टर नसलेला आणि गोऱ्या खात्याच्या डोक्यावर बसवलेला माणूस घसरला होता. १९०४ मध्ये ते लंडनला परतले. युरोपात तेव्हा फ्रान्समधल्या ड्रायफस या ज्यू सैनिकी अधिकाऱ्यावरच्या खोट्या आरोपाचे प्रकरण गाजत होते. हाफकिन प्रकरणाला लहान ड्रायफस प्रकरण म्हणणारेही निघाले.

चौकशीच्या कागदांतच खरी गोष्ट दडलेली होती. मलकोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. जमीन म्हणजे शेणामातीची, गुराढोरांच्या वावराची. धनुर्वाताचे जंतू असतात ते अशाच मातीत. चिमटा ज्योतीवर धरून निर्जंतुक करायला हवा होता. तो नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून पुन्हा वापरला गेला. शिवाय ती बाटली भरून कित्येक आठवडे झाले होते. इतके दिवस आत धनुर्वाताचे जंतू वाढत असते तर बाटली उघडताच घाण वास सुटला असता. तसा वास आल्याचे कोणी सांगितले नव्हते. त्या बाटलीचा घोटाळा परळला झालेला नव्हता, मलकोवालच्या ओसरीवर झाला होता. हे कागद पुरतेपणी बाहेर यायलाच चारेक वर्षे लागली.

हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले ते रोनाल्ड रॉस. मलेरियाचा परोपजीवी डासाच्या पोटात असतो हे रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला शोधून काढले होते. म्हणजे आपल्याच तेव्हाच्या निजामी राज्यात, ज्या राज्यात अहमदपूरही होते. १९०२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळालेले होते, तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन होते. ते वजन त्यांनी वापरले. वृत्तपत्रांत लिहिले, शास्त्रज्ञांना पटवले आणि २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र छापून आले. आरोप सिद्ध होत नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. रॉस यांची काळजी नुसती एका माणसाच्या अब्रूची नव्हती. लशीवर ठपका राहिला तर लोक टोचून घेणार नाहीत आणि प्लेगने मरतील, हे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. प्लेगच्या वार्षिक बळींचा आकडा त्या वर्षांत दहा लाखांवर गेला होता. त्या वर्षाअखेर सरकारने हाफकिन यांना पुन्हा हिंदुस्थानात नोकरी देऊ केली.

ते आले. पण परळची जागा आता दुसऱ्याकडे होती. कलकत्त्याला त्यांना एक प्रयोगशाळा मिळाली, तिथे लस बनवण्याची सोय नव्हती आणि माणसांवर प्रयोग करायची परवानगीही नव्हती. ज्याने दोन लशींची पहिली सुई स्वतःच्या अंगात खुपसून घेतली त्याला आता नुसते कागदी संशोधन करायचे होते. निर्दोष ठरवले, पण हात बांधून ठेवले. मला विचाराल तर मलकोवालपेक्षा ही शिक्षा मोठी होती. पहिले महायुद्ध पेटले त्या सुमारास, पंचावन्न वर्षांचे होऊन ते निवृत्त झाले आणि हिंदुस्थान सोडून फ्रान्सला गेले. १८९६ पासूनच्या पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत प्लेगने या देशात एक कोटीहून अधिक माणसे खाल्ली. लशीने किती वाचली याचा नेमका हिशेब मांडणे अवघड आहे. जी वाचतात ती मोजली जात नाहीत.

आपल्याकडे प्लेग संपला असे आपण धरून चाललो होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्याच वर्षी, १९९४ च्या ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा रोग दिसला. मागोमाग सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि टेट्रासायक्लिनच्या गोळ्या औषधांच्या दुकानांतून नाहीशा झाल्या. मराठवाड्यातल्या घराघरांत उंदरांच्या बिळांत काड्या घालून पाहण्यात आल्या. आज साठीला आलेल्या वाचकांना ते दिवस आठवत असतील. आणि कोरोनाच्या वर्षी तर काय! जमाव करू नका असे कानीकपाळी ओरडून सांगितले जात असताना, २८ ऑगस्ट २०२० रोजी शिवलिंग शिवाचार्य महाराजांनी जिवंत समाधी घेतल्याची अफवा उठली आणि हजारो भाविक अहमदपूरच्या भक्तिस्थळाकडे लोटले. महाराजांचे निधन त्यानंतर १ सप्टेंबरला नांदेडला झाले. भक्तीपुढे साथीचे भय कमी पडते. १८९७ च्या अधिकाऱ्यांना हे उमगले नव्हते. हाफकिन यांना ते थोडेफार उमगले असावे, म्हणून तर ते आधी आगाखानांकडे गेले.

परळच्या प्रयोगशाळेचे नाव १९०६ मध्ये बदलून बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झाले आणि १९२५ मध्ये, हाफकिन हयात असतानाच, तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. ज्या सरकारने त्यांना पदावरून काढले त्याच सरकारने हे केले. ही बातमी त्यांना पॅरिसला कळवण्यात आली. उत्तरात त्यांनी आभार मानले आणि आपल्या आयुष्याची चांगली वर्षे त्या कामात गेली, असे कळवले. तक्रारीचा सूर नव्हता. पुढे याच वाड्यातून सर्पदंशावरचे औषध, पोलिओची लस अशी कामे वाढत गेली. उत्पादनासाठी निघालेल्या हाफकिन महामंडळाला कोवॅक्सिन तयार करण्याची केंद्राची परवानगी एप्रिल २०२१ मध्ये मिळाली. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये हाफकिन यांच्या नावाचे तिकीट काढले होते.

उतारवयात हाफकिन विज्ञानापासून दूर गेले. ज्या धर्मासाठी तरुणपणी प्राध्यापकी सोडली होती, त्याचे आचार ते आता कसोशीने पाळू लागले. पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांसाठी त्यांनी आपली सारी मिळकत निधी म्हणून बाजूला ठेवली. १९२८ मध्ये ते स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी राहायला गेले. एकटेच होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. आपले नाव लागलेला परळचा तो वाडा पाहायला ते पुन्हा कधी मुंबईला आले नाहीत.